डावीकडून खाल्लेली नोझलं

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

नवी टॉर्च आली! प्लाझ्मा मशीन जुनंच आहे, पण लोखंड कापायची हातातली टॉर्च कोरी करकरीत. डब्यातून काढली तर धाकटा कटर विक्कीनं तिचा वासच घेतला.

आनंदरावजी म्हणाले, "मयुराताई, पूजेचं तुमीच पाहा." कळमेश्वरच्या या शेडचे मालक ते, पण पूजेचं ताट दरवेळी माझ्याच हातात. स्टोअर माझं, म्हणून देवही माझ्याकडेच! टॉर्चचं तोंड खोललं आणि सगळे भाग ताटात ओळीनं मांडले — तांब्याचा इलेक्ट्रोड, त्यावर बसणारी रिंग, नोझल, वरची कॅप. बारा वर्षं हेच सामान देते-घेते आहे, एकालाही वगळणं जिवावर येतं. तेलात कुंकू कालवलं. अक्षता, झेंडूचं फूल, नारळ.

गोविंदाभाऊ खांबाजवळ उभे होते. शेडमधले सगळ्यात जुने कटर. नवी टॉर्च त्यांनाच मिळणार हे न सांगता ठरलेलं. ते बौद्ध, पूजेला हात जोडत नाहीत आणि कोणी आग्रह करत नाही. पण आज मध्येच बोलले — "ताई, बाहेरून लावा. आत नका लावू."

मला लागलंच जरा. तुम्ही मानत नाही तर नका मानू, आम्हाला तरी करू द्या! हे मनातल्या मनात. हसले, आणि उरलेल्या भागांनाही एकेक बोट लावलं. हट्टच केला म्हणायचा.

नंतर खोबरं घेतलं त्यांनी. म्हणाले, "नारळ गोड निघाला ताई." या माणसावर धड रागावताही येत नाही.

६ ऑगस्ट

गोविंदाभाऊ नवीवर खूश. विक्की जुनीवर नाखूश. नोझल मात्र दोघांनाही एकेकच दिलं!

९ ऑगस्ट

राखी. शेडमध्ये सात जणांना बांधली. गोविंदाभाऊंनी दरवर्षीसारखी संत्र्याच्या बर्फीची डबी दिली. सोमवारचं ते बोलणं मनातून काढून टाकलं.

११ ऑगस्ट

माझा नियम साधा आहे: जुनं ठेवा, नवं न्या. झिजलेलं नोझल काउंटरवर आल्याशिवाय नवं मिळत नाही. आणि काढायच्या आधी वरच्या बाजूला मार्करचा ठिपका द्यायचा, म्हणजे टॉर्चमध्ये ते कसं बसलं होतं ते कळतं. जुनी मी फेकत नाही. अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवते, खाली चिठ्ठी — कोणाचं, कोणत्या दिवशीचं. सगळे हसतात. "ताईचं अंड्याचं दुकान!"

हसू द्या. मला नोझल वाचता येतं. विक्कीचं हातात घेतलं की तोंड काळं, खरचटलेलं, वितळलेल्या लोखंडाचे थेंब चिकटलेले. म्हणजे घाई. टॉर्च प्लेटवर घासत नेतो गधडा. एकदा चाळीस अँपिअरचं नोझल लावून मशीन साठवर ठेवलं होतं, भोक खिडकीएवढं झालं! गोविंदाभाऊंच्या नोझलचं तोंड स्वच्छ. भोक मोठं होतं तेही गोलच्या गोल, चारही बाजूंनी सारखं. त्यांचा इलेक्ट्रोडही तसाच. मधल्या टिकलीला खड्डा पडतो तो बरोबर मधोमध.

आज त्यांचं आलं ते तसं नव्हतं. भोक लंबगोल. डावीकडून खाल्लेलं.

निघतं एखादं. चिठ्ठी लिहून ठेवून दिलं.

१३ ऑगस्ट

दुसरं. तसंच. डावीकडून.

१८ ऑगस्ट

चौथं.

आज आनंदरावजी स्टोअरमध्ये आले ते हातात दोन ब्रॅकेट घेऊनच. काप तिरपा. एक कड सरळ, दुसरी उताराची. खाली वितळलेल्या लोखंडाची झालर. "ताई, हे गोविंदाच्या हातचं वाटते का तुमाले? तुमीच नवीन कंपनीचे नोझल आणले ना जुलैत?"

आणली होती. निवड माझीच. स्वस्त म्हणून नाही, तोंड जाड आहे, जास्त टिकतील असं वाटलं म्हणून. गाल तापले माझे. मागच्या कपाटात जुन्या कंपनीची पाच शिल्लक होती, ती काढली आणि गोविंदाभाऊंना दिली. "आता हीच लावा."

ते म्हणाले, "लावतो. पण ताई, नोझलचा दोष नाही वाटत मले."

माझी बाजू घेत होते की काय! मी मान वर केली नाही.

२१ ऑगस्ट

जुन्या कंपनीचं नोझल. डावीकडूनच.

म्हणजे निवड चुकली नव्हती. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. मग दोष कुठे? हवेत पाणी असेल म्हणून कंप्रेसरची टाकी रिकामी करवली. टॉर्चमधून नुसती हवा सोडून पुढे कोरा कागद धरला. कागद कोरडा. शिवाय विक्कीची जुनी टॉर्चही त्याच हवेवर चालते आणि त्याची नोझलं झिजतात ती त्याच्याच घाईनं, चारही बाजूंनी.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून ठेवते. गोविंदाभाऊंच्या नोझलच्या तोंडाला घासल्याची खूण नाही. खरचटा नाही. भोक तेवढं खाल्लेलं. हात हलका आहे त्यांचा, त्यामुळे असेल.

२२ ऑगस्ट

पोळा. दुपारी शेड बंद. निघताना गोविंदाभाऊंनी थांबवलं. "ताई, दोन मिनिटं. एक चीज दाखवतो."

मागच्या भिंतीला सहा मिलिमीटरची एक प्लेट टेकवलेली. तिच्यावर खडूनं आखलेलं चाक. धम्मचक्र. माझ्या खांद्याएवढं उंच, चोवीस आऱ्या. वाडीत त्यांच्या वस्तीतल्या विहाराला नवं फाटक बसतं आहे, दसऱ्याच्या दिवशी उघडायचं. चाक फाटकाच्या मधोमध. आनंदरावजींनी जेवणाच्या सुट्टीत कापायची परवानगी दिली आहे. दहा आऱ्यांमधला भाग कापून झाला होता. त्याची कड पाहिली. तिरपी नव्हती! "हे जुन्या टॉर्चनं कापलं," म्हणाले, "नवी यायच्या आधी."

मी म्हटलं, लेझरवर अर्ध्या तासात निघेल की.

"निघल ना. पण त्या विहारात माझ्या बापानं विटा वाहल्या, ताई. मी काय वाहू? मले हेच येते."

अडतीस वर्षं कापताहेत. मालकाचं कापलं, गिऱ्हाइकाचं कापलं. स्वतःचं म्हणून हे पहिलंच. पुढच्या वर्षी निवृत्त होतील.

२५ ऑगस्ट

आज सगळं उलगडलं. उलगडलं आणि वाईट वाटलं.

सकाळी गोविंदाभाऊ रिंग घेऊन काउंटरवर आले. ही रिंग इलेक्ट्रोडवर बसते, अंगाला सुईएवढी सहा भोकं असतात, त्यातून हवा जाते आणि गोल फिरते. खाचेत एकाच बाजूनं बसते. "ताई, रिंग बदलून देता का? नाहीतर पाहून तरी द्या. मले बारीक दिसत नाही आता."

रिंग तीन आठवड्यांची, नवीच. फुटली असेल तरच बदलायची हा नियम. उलटीसुलटी करून पाहिली. तडा नाही. "अख्खी आहे की! काहून बदलू?" असं म्हणून परत दिली.

आणि ते गेल्यावर डोक्यात लख्ख झालं. मले बारीक दिसत नाही आता! बारा वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दिवसभर लांबून पाहत राहिले. कापताना मान उजवीकडे कलते त्यांची. नेहमीच कलते का? आठवेना. पण हिशोब जुळला — डोळ्यानं कमी दिसतं म्हणून मान वाकडी, मान वाकडी म्हणून टॉर्च वाकडी, टॉर्च वाकडी म्हणून भोक डावीकडून खाल्लेलं.

नोझलनं सांगितलं मला. माणसानं नाही सांगितलं, लपवलं. कोणाला सांगणार ते तरी? ज्याला दिसत नाही त्याच्या हातात टॉर्च कोण ठेवेल?

मी कोणाला सांगणार नाही. सांभाळून घेईन.

२८ ऑगस्ट

नोझलवर बसणारी शील्डची टोपी दिली त्यांना. ती लावली की टॉर्च प्लेटवर टेकवून नेता येते, अंतर डोळ्यानं राखावं लागत नाही. वर चुंबकाची पट्टी, आधाराला. म्हटलं, "नवीन माल आहे, वापरून पाहा."

त्यांनी टोपी हातात फिरवली. माझ्याकडे पाहिलं. "ही तर शिकणाऱ्याले देतात, ताई."

"वापरा तर!"

वापरली. 

१ सप्टेंबर

टोपी असूनही डावीकडूनच. काप तिरपाच. आता मात्र दोन-दोन नोझलं देते, जुनं न मागता. माझा नियम मीच मोडला आणि कोणाला कळू दिलं नाही.

३ सप्टेंबर

ओढूनच नेलं त्यांना डोळ्यांच्या शिबिराला. मीही तपासून घेतले, त्यांना अवघड वाटू नये म्हणून. माझाच नंबर वाढला! त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, घाई नाही, वाचायचा चष्मा बदला.

परत येताना रिक्षात गोविंदाभाऊ म्हणाले, "ताई, तुमी समजून राहिल्या तसं नाही. कापाची रेघ दिसते मले. अंतर दिसते. पेपर वाचता येत नाही, एवढंच. टॉर्चमधी काहीतरी आहे."

सगळे असंच म्हणतात. माझे वडीलही म्हणायचे, दिसतं मला, दिसतं. मग एक दिवस पायरीच दिसली नाही. मी त्यांचा हात थोपटला. हो म्हटलं. कसा थोपटला मी, लहान मुलाला थोपटावं तसा.

६ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत ते चाक कापत होते. मी डबा घेऊन मागेच बसले होते. अकरावी आरी. ठिणग्या खाली पडायच्या त्या एका बाजूला फेकल्या जायला लागल्या. आर्क, म्हणजे कापणारी ज्योत, भरकटली. त्यांनी लगेच टॉर्च उचलली, पण आरीला खाच पडली होती. नखाएवढी.

वेल्ड भरून घासून घेता येईल, मी म्हटलं.  ते डोक्यावरची टोपी काढून बाकावर बसले, हात मांडीवर उलटे ठेवून. हातांकडेच पाहत होते. ते स्वतःच्या हातांवर शंका घेत होते, मला दिसत होतं. आणि मला वाटलं, चला, आता तरी मान्य करतील!

देवा, काय बाई आहे मी.

८ सप्टेंबर

आनंदरावजींना सांगितलं.

सांगणार नव्हते. पण दुपारी तिरप्या कापाचे चौदा ब्रॅकेट परत आले, गिऱ्हाईक गेटवर ओरडत होतं आणि आनंदरावजी गोविंदाभाऊंना सगळ्यांसमोर बोलले — "दारू पिऊन कापून राहिला का गा?" जो माणूस सुपारीही खात नाही त्याला! मला राहवलं नाही. केबिनमध्ये गेले आणि सांगून टाकलं. डोळे. मोतीबिंदू. नोझलांचा अख्खा ट्रेच नेऊन ठेवला टेबलावर, तारखांसकट. एकामागे एक, सगळी डावीकडून.

आनंदरावजींनी एकेक नोझल उचलून पाहिलं. माणूस तोंडाचा फाटका असला तरी आतून तसा नाही. म्हणाले, "मले आधी काहून नाही सांगितलं? इजा झाली असती त्याले." मग, "गेटवर बसवतो. आवक-जावक पाहील. पगारात फरक नाही."

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. लिहून ठेवते, कारण खोटं लिहायला ही वही नाही.

९ सप्टेंबर

गोविंदाभाऊ हातमोजे द्यायला आले. जुनं ठेवा, नवं न्या. त्यांनी जुने ठेवले, नवं काही नेलं नाही.

"तुमी सांगितलं?"

"हो. तुमच्या भल्यासाठीच, भाऊ."

"माहीत आहे ना," म्हणाले. "तुमी वाईट काहून कराल माझं?"

राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

१२ सप्टेंबर

विक्की नवी टॉर्च घ्यायला तयार नाही. "काकाची आहे. माझी जुनी चालते." आनंदरावजींनी ती माझ्या कपाटात ठेवायला लावली. त्या विक्कीला मी गधडा लिहिलं होतं वर. खोडत नाही, पण मागे घेते.

१६ सप्टेंबर

सिंधूताई आल्या होत्या. गोविंदाभाऊंच्या बायको. वाडीहून बसनं, हातात चष्म्याचं पाकीट — ते घरी विसरले म्हणून. चष्मा निमित्त होतं. स्टोअरमध्ये बसल्या, पाणी घेतलं.

"बाई, घरात बोलतच नाहीत वं ते. जेवतात अन् भिंतीकडे तोंड करून पडतात. विहारातले विचारून राहिले, चाक कधी आणता. हे म्हणतात, लेझरवर कापून घ्या. अन् मले म्हणतात, प्लेट तिथंच राहू दे, पाहवत नाही."

मी म्हटलं, मोतीबिंदू काढला की सगळं नीट होईल.

"डोळ्याचं नाही बाई," सिंधूताई म्हणाल्या. "सुईत दोरा मीच ओवून देते त्याइले, ते दहा सालापासून. तवा काय कापत नव्हते?"

 बसपर्यंत सोडायला गेले. विहारातले अठ्ठावीस तारखेपर्यंत थांबतील, मग लेझरवाल्याकडे जातील, म्हणाल्या. प्लेट मी ताडपत्रीत गुंडाळून स्टोअरमध्ये आणून ठेवली आहे. दहा आऱ्या चांगल्या, अकरावीला खाच, तेरा नुसत्या खडूच्या.

१७ सप्टेंबर

विश्वकर्मा पूजा. ड्रिल, ग्राइंडर, जुनी टॉर्च, सगळ्यांना हळदकुंकू. नवी कपाटातच. गोविंदाभाऊंना प्रसाद द्यायला गेटवर गेले. रजिस्टर डोळ्यांपासून हातभर लांब धरून लिहीत होते. लांबून दिसतं की त्यांना!

हो, लांबून दिसतं. ते तर तेच सांगत होते.

१९ सप्टेंबर

झोप नीट नाही. काहीतरी टोचतं आहे आणि काय ते सापडत नाही.

२३ सप्टेंबर

विक्कीच्या जुन्या टॉर्चची केबल जळाली. आता इलाज नाही, नवी काढून दिली. हात लावायच्या आधी गेटवर गेला विचारायला! गोविंदाभाऊ म्हणाले म्हणे, "घे गा. पण काप डावीकडे पळन, सांभाळजो."

विक्की हे हसत सांगत होता. मी हसले नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

विक्कीचं नोझल आलं. ठिपका वर. भोक डावीकडून खाल्लेलं.

विक्की एकोणतीस वर्षांचा आहे. त्याला पलीकडच्या रस्त्यावरच्या ट्रकचा नंबर वाचता येतो.

टॉर्च मीच खोलली. रिंग काढली, नवा चष्मा लावला, खिडकीकडे धरली. सहा भोकांपैकी चारांतून उजेड आला. डावीकडची दोन बंद. तिकडून हवा नाही, म्हणून आर्क तिकडेच ढळते. सुई घातली. टोकाला लाल आलं. तेलात कालवलेलं, वाळून घट्ट झालेलं कुंकू. माझ्या बोटाचं.

बाहेरून लावा ताई, आत नका लावू. ते देवाचं बोलत नव्हते, हवेचं बोलत होते. आणि रिंग माझ्या हातात आणून दिली तेव्हा मी रिंगेत पाहिलंच नाही, त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

वही पिशवीत होती, स्टोअरमध्येच लिहिते आहे. ते गेटवर बसलेत, इथून चाळीस पावलं. रिंग रुमालात बांधली आहे. त्यांचे हातमोजेही कपाटातून काढलेत. अठ्ठावीसला तीन दिवस आहेत, आऱ्या तेरा.

जाते.